मधल्या खोलीतलं बटण

"गेलं!"

आतल्या खोलीतून चेतना ओरडली आणि चिंतामणरावांच्या हातातला तांब्या तसाच कलता राहिला. तुळशीची कुंडी भरून पाणी पायरीवर आलं, पायरीवरून त्यांच्या चपलेत शिरलं. तांब्या कठड्यावर आपटून ते ओल्या पायांनी पुढच्या खोलीत धावले. वय त्रेसष्ट, गुडघे सत्तरीचे, पण या एका शब्दाला त्यांचं शरीर हल्ली विस्तवावर पाय पडल्यासारखं उडत असे. टीव्हीच्या वर ठेवलेल्या इंटरनेटच्या पांढऱ्या डबड्याचं बटण त्यांनी बंद केलं, तीसपर्यंत आकडे मोजले, बटण चालू केलं आणि दिवे लागायची वाट बघत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आधी लाल, मग पिवळा, मग निळा. निळा यायला तीन मिनिटं लागत. तीन मिनिटं काही जगाच्या दृष्टीने फार नाहीत. पण आत दारापलीकडे मुलगी पुण्यातल्या आठ माणसांसमोर बोलता बोलता वाक्याच्या मध्येच नाहीशी झालेली आहे, तिथल्या पडद्यावर तिचं तोंड अर्धवट उघडं थिजलेलं आहे, आणि ती आठ माणसं एकमेकांकडे बघून म्हणताहेत की ही आज पुन्हा गेली, हे सगळं चिंतामणरावांना त्या लाल दिव्यात स्पष्ट दिसायचं. मागे मधल्या खोलीत चेतनाच्या सपातांचा आवाज आला, क्षणभर थांबला, परत गेला. रोज असंच व्हायचं. संकटात देवाला हात जोडायची बुद्धी तरी पोरीला झाली, असं मनात म्हणून त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटायचं. निळा दिवा लागला. "आलं का गं?" त्यांनी विचारलं. "आलं," ती म्हणाली, आणि दार लागलं.

बुधवार होता. म्हणजे दोन दिवस उरले. चेतनाच्या कंपनीने पंधरा दिवसांची मुदत दिली होती. सोलापुरात राहून काम करायचंय ना, करा, पण लाइन अशीच जाणार असेल तर एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात येऊन बसा. चेतनाने हे जेवताना सांगितलं होतं, आमटी छान झालीय म्हणावं तितक्या सहजपणे, आणि चिंतामणरावांनीही "बघू" म्हणून भात कालवला होता. त्यांना म्हणायचं होतं, जाऊ नकोस. पण हा शब्द त्यांच्या घराण्यात कुणी कुणाला म्हटलेला नव्हता. मैंदर्गीहून सोलापूरला शिकायला निघालेल्या त्यांना त्यांच्या वडिलांनी वेशीपर्यंत पोचवलं तेव्हा "एस्टीत खिडकीशी बस" एवढंच म्हटलं होतं. चेतना चार महिन्यांपूर्वी बॅगा घेऊन आली, म्हणाली, बाबा, मला इथंच बरं वाटतं, मागची खोली मी घेते. आईची खोली, असं ती म्हणाली नाही. तेही म्हणाले नाहीत. त्या दिवसापासून घरात दोन कप चहा होऊ लागला, दुपारी कुकरची चौथी शिट्टी कुणीतरी मोजू लागलं, आणि चिंतामणरावांना लक्षात आलं की गेली तीन वर्षं आपण घरात बोललेलो फक्त दूधवाल्याशी आणि देवाशी. आता हे सगळं घरात बसवलेल्या नेटच्या तीन डबड्यांवर अवलंबून होतं. माणसाने काय करावं? ते दिवसभर हातात मोबाईल धरून या खोलीतून त्या खोलीत फिरत, सिग्नलच्या पट्ट्या बघत. पुढच्या खोलीत चार, मधल्या खोलीत तीन, मागच्या दाराशी कधी दोन, कधी तीन. ताप बघावा तसे ते दर अर्ध्या तासाने पट्ट्या बघत.

दोष भिंतींचा, म्हणजे पर्यायाने त्यांचाच. जुळे सोलापुरात सोसायटीचे प्लॉट पडले तेव्हा सगळ्यांनी विटांची घरं बांधली. चिंतामणरावांनी दगडाचं बांधलं, दीड फुटी भिंतीचं, एकामागे एक तीन खोल्या. "किल्ला बांधताय का, मैंदर्गीकर?" निवेदिता हसत म्हणाली होती, लग्नानंतरही ती त्यांना थट्टेत आडनावानेच हाक मारायची. पण पारा चव्वेचाळीसला टेकला की शेजारीपाजारी याच मधल्या खोलीत दुपारी सतरंज्या घेऊन यायचे, तेव्हा तीच मोठ्या ऐटीत सांगायची की आमच्या ह्यांची आयडिया. वायरिंगही त्यांनी उभं राहून करून घेतलं होतं, सगळं भिंतीच्या आत, एक वायर म्हणून बाहेर दिसत नव्हती. ऊन अडवणाऱ्या भिंती एक दिवस असल्या हवेतल्या गोष्टीही अडवतील हे त्या माणसाला कसं कळावं. नेट बसवणारा अजिनाथ पहिल्यांदा आला, मूळचा करमाळ्याचा, दोन पोरांचा बाप, तेव्हा त्याने भिंतीवर मूठ आपटून बघितली आणि तो हसलाच.

"काका, भिंत लई जाड हाय की. हितनं तितं आवाज पोचंना, नेट कुटनं पोचायचं? सरळ वायर टाकू. कडंकडंनं पट्टी मारून नेतो ताईंच्या खोलीत."

"वायर नको."

"दिसणार बी न्हाय वो."

"वायर नको म्हटलं ना!"

आवाज इतका चढला की चेतना दारात येऊन उभी राहिली. चिंतामणराव ओशाळले आणि पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. त्या करमाळ्याच्या माणसाला काय सांगणार? की याच फरशीवरून चार महिने एक वायर गेलेली होती. मधल्या खोलीतल्या देवघराशेजारच्या बटणापासून मागच्या खोलीतल्या पलंगापर्यंत, काळी, बोटाएवढी जाड. पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन होतं आणि मागच्या खोलीतला प्लग तेवढा भार पेलत नव्हता. चार महिने ते त्या वायरीवरून पाय उचलून चालले. चहा घेऊन जाताना, बेडपॅन घेऊन येताना, प्रत्येक वेळी मनात एकच: पाय अडकला तर. स्वप्नातसुद्धा पाय उचलायचे. आणि मशीन घरघरत असायचं, रात्रंदिवस, घराला दमा झाल्यासारखं. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की फोनवर बोलणारी माणसंही विचारायची, मागे काय गिरणी चालू आहे का? तीन वर्षं झाली, पण मधल्या खोलीचा उंबरा ओलांडताना त्यांचा उजवा पाय अजून जरा जास्तच उचलला जातो. पाण्याचा पेला घेऊन ते परत आले तेव्हा चेतना अजिनाथला म्हणत होती, वायरीशिवाय काय होतंय ते सांगा.

मग ही तीन डबडी आली. "एक हितं, एक देवाजवळ, एक ताईंच्या खोलीत," अजिनाथने समजावलं. "ती आपसात बोलत्यात बघा. दारातनं, फटीतनं, कुटनं बी वाट काढत्यात. पर मधलं सांभाळायचं. मधलं गप बसलं की मागचं आंधळं झालंच म्हणून समजा." चिंतामणरावांना ही कल्पना आवडली. तीन खोल्यांत तीन जणं, आपसात बोलणारी. फक्त ती आवाज करत नव्हती हे त्यांना खटके. पंखा फिरताना दिसतो, मिक्सर ओरडतो, मशीन घरघरतं. चालू असलेल्या वस्तूने आपण चालू आहोत हे कळवावं की नाही? ही बिनबोभाट चालू आणि बिनबोभाट बंद. म्हणजे सतत बघत राहणं आलं. आणि पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेदहा-पावणेअकराला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास नेट जायला लागलं. रोज नव्हे. चार दिवस जायचं, एखाद्या दिवशी नाही, म्हणजे आशेला वाव ठेवून.

चिंतामणरावांनी प्रकरण हातात घेतलं. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली सांभाळलेला माणूस, हरवलेली फाइल शोधायला सगळे त्यांच्याकडेच यायचे, आणि ती हमखास मागणाऱ्याच्याच टेबलावर सापडायची. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं म्हणून ते ती दोन बोटांत धरून द्यायचे. कचेरीत त्यांची दुसरी ख्याती बटणांची. संध्याकाळी शेवटी निघणार तेच. निघताना पंखे, दिवे, साहेबाच्या केबिनमधला कूलर, एकेक बटण बंद करत दाराकडे यायचे. पोरं मागून त्यांना मैंदर्गीकर म्हणत नसत, बटणकर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. घरीही तेच. खोलीतून निघताना बटण बंद. लाइट गेली तर आधी सगळी बटणं बंद, म्हणजे येताना दणका बसायला नको. अशा माणसाने चौकशी मांडली. वहीत वेळा लिहिल्या. आधी नेटच्या कंपनीच्या फोनवर अर्धा अर्धा तास ती यांत्रिक बाई ऐकली. मग रस्त्याच्या खांबावर संशय घेतला, मग शेजाऱ्यांच्या नव्या एसीवर. शेवटी, लाज वाटते पण खरं, मथुराबाईवर. ती बरोबर दहाला येते, मधली खोली झाडते, पुसते.

"मथुराबाई, देवाजवळच्या बटणाला तुमचा हात लागतो का? झाडताना वगैरे?"

तिने फडकं बादलीत टाकलं. "मी कशाला लावू वो हात? पंधरा वर्स झाली हितं. बाईसायबांचं सगळं मी केलंय, तवा सुदिक त्या बटनाला शिवली न्हाय मी. तुमीच म्हणला हुता न्हवं, कुनी हात लावायचा न्हाय म्हणून?"

चिंतामणरावांनी हातातली वही मिटली. मथुराबाई दोन दिवस आलीच नाही, आणि त्या दोन्ही दिवशी नेट गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. चिंतामणराव तिच्या घरी जाऊन माफी मागून आले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की दादा," पण चहाला बसा म्हणाली नाही.

अजिनाथ तिसऱ्यांदा आला तो गेल्या आठवड्यात. नेट जाऊन पाच मिनिटंही झाली नव्हती. पूजा नुकतीच आटोपलेली, देवांना लावलेलं गंध ओलं होतं, उदबत्ती निम्मी जळलेली. त्याने मोबाईलवर काहीतरी उघडून पाहिलं, मग देवघराकडे पाहिलं, मग बटणाकडे, मग चिंतामणरावांच्या हाताकडे, ज्यावर अजून गंधाचा ठिपका होता. "व्होल्टेजचं असंल काका," तो म्हणाला. मग चेतनाशी दारात उभं राहून हळू आवाजात बोलला आणि पैसे न घेता गाडीला किक मारून गेला. न घेतलेले पैसे चिंतामणरावांना दिवसभर टोचत राहिले. फुकट काम करणारा माणूस म्हणजे एकतर फसवतोय नाहीतर कीव करतोय. आपली कीव कशासाठी? त्या दिवसापासून त्यांची तगमग वाढली. वाचायला घेतलेला पेपर त्याच पानावर राहायचा. बंद दारापलीकडे चेतनाचा आवाज यायचा, भराभर, इंग्रजीत, मध्येच हसणं. एवढं हसू आपल्या वाट्याला येत नाही, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं आणि ते स्वतःवरच चिडले. मुलीच्या कामाचा हेवा करणारा बाप! पण खरंच, हवी होती ती कुणाला, आणि होती कुठे? एका भिंतीपलीकडे, म्हणजे पुण्यात. तरी तिथून निघून ती खरोखरच पुण्यात गेली तर या घरात उरेल काय, हे ते मनात आणू धजत नव्हते. दगड उरतील. दुपारी गार राहणारे.

शुक्रवारी त्यांनी पूजेला उशीर करायचं ठरवलं होतं. साडेदहाला मीटिंग, आज मोठे साहेब बसणार होते, तेव्हा आपण पुढच्या खोलीत पहिल्या डबड्याशी पहाऱ्यावर बसायचं. पण दहा वाजून गेल्यावर पारोसे देव त्यांना बघवेनात. घरातल्या देवांना निवेदिताने एक दिवस ताटकळत ठेवलं नव्हतं. पूजा ती करायची, तेव्हा देवघराशेजारच्या त्या प्लगला विजेची छोटी समई असे; सकाळी पूजेला आणि संध्याकाळी दिवाबत्तीला बसताना लावायची, शेवटच्या नमस्कारानंतर बंद करायची. ती आजारी पडल्यावर समई काढून तिथे मशीनची वायर लागली आणि पूजा चिंतामणरावांकडे आली. तर ते बसले पाटावर. पाणी, गंध, फुलं. तगरीची फुलं आज कमी होती. आत चेतनाचा आवाज सुरू झाला होता, संथ, तयारीचा. देवांच्या वरच्या फळीवर मधल्या डबड्याचा निळा दिवा लुकलुकत होता आणि त्यांनी त्यालाही, कुणी बघत नाही असं पाहून, अक्षता वाहिल्या. हसू आलं स्वतःचं. उदबत्ती ओवाळली, निरांजन ओवाळलं. उठले, हात जोडले, डोळे मिटले. आज लाइन जाऊ देऊ नकोस, म्हणाले. एवढं एक. मग रोजच्यासारखं मनातलं सगळं जरा निवलं, आणि

"गेलं!"

डोळे उघडले तर त्यांचा उजवा हात वर होता. तर्जनी बटणावर होती. बटण वर होतं.

ते हाताकडे बघत राहिले. हा हात त्यांचाच होता, बोटावर गंध होतं, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. रोज. म्हणजे रोज हाच. समई होती तेव्हाची निवेदिताची सवय त्यांच्या हातात कधी उतरली कुणास ठाऊक. मधली तीन वर्षं प्लग रिकामा होता, हात बंद असलेलंच बटण बंद करत राहिला, कुणाला पत्ता लागायचं कारण नव्हतं. त्यांनी बटण खाली दाबलं. डबड्यावर लाल दिवा लागला. आणि त्या लाल दिव्याबरोबर जे तीन वर्षं त्यांनी पाय उचलून ओलांडलं होतं ते पायात आलंच. एप्रिलातलीच सकाळ, साडेदहाच. निवेदिताचा हात हातात होता, आणि तो नुसता हात होता. त्यांनी नाडी बघितली, नाकापाशी बोट धरलं, मशीन आपलं घरघरत होतं, कुणासाठी नाही. ते उठले, मधल्या खोलीत आले आणि हे बटण बंद केलं. खोलीतून निघताना करतात तसं. मग डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर वीस मिनिटांनी आले आणि म्हणाले, गेल्या. केव्हा गेल्या हे त्यांनी विचारलं नाही आणि चिंतामणरावांनीही विचारलं नाही. बटणाच्या आधी की नंतर, हे तेव्हापासून कुणालाच विचारलेलं नव्हतं. डॉक्टरांच्या आधी चेतनाचा फोन आला होता, बाबा, मोडनिंबपर्यंत आलेय, तासाभरात पोचते. आणि ते म्हणाले होते, सावकाश ये.

मागचं दार उघडलं. चेतना मधल्या खोलीत आली आणि दोन पावलांवर थांबली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, बटणावरच्या हाताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. म्हणजे सपातांचा आवाज रोज इथे थांबायचा तो देवासाठी नव्हे, हे बटण चालू करण्यासाठी.

"तुला माहीत होतं," ते म्हणाले.

"अजिनाथने दाखवलं मोबाईलवर. मधलं केव्हा बंद होतं त्याच्या वेळा असतात. त्याच्या आधीही मी एकदा दारातून बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस? अगं, नोकरीचा प्रश्न तुझ्या! मी त्या मथुराबाईला नाही नाही ते..."

"डोळे मिटलेले असतात बाबा तुमचे," चेतना म्हणाली. "मला वाटलं, ते तुमच्या पूजेतलंच आहे. त्याला कसं नको म्हणायचं? मी सोमवारी साहेबांना सांगून टाकलं, सोलापूरची लाइन काही सुधारायची नाही, मी येते पुण्याला."

लाल गेला, पिवळा आला. चिंतामणरावांनी पाटाचा कोपरा पायाने सरळ केला. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालंच.

"मशीन मी बंद केलं होतं. डॉक्टर यायच्या आधी. हेच बटण. मला वाटलं ती गेली. वाटलं, पण डॉक्टर आले नव्हते ना गं अजून."

ती जवळ आली. लहानपणी ताप आला की निवेदिता तिच्या कपाळावर ठेवायची तसा उताणा हात तिने त्यांच्या मनगटावर ठेवला.

"आई पहाटे माझ्याशी फोनवर दोन शब्द बोलली, तेव्हाच तिला श्वास पुरत नव्हता. म्हणून तर मी निघाले. आणि मोडनिंबला मला कळलं होतं बाबा."

"काय कळलं होतं?"

"तुमच्या मागे मशीनचा आवाज नव्हता. चार महिने तुमचा एक फोन त्या आवाजाशिवाय झाला नव्हता. तुम्ही सावकाश ये म्हणालात." तिने बोटं त्यांच्या मनगटावर मिटली. "मी सावकाश आले."

चिंतामणराव रडले. मोठ्याने नाही, पण आडोसा न शोधता, देवांसमोर आणि मुलीसमोर, त्रेसष्ट वर्षांचा माणूस. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली, आणि ती दोघांनाही माहीत होती. फळीवर निळा दिवा लागला. तो आधी चेतनाने पाहिला. "आलं," ती म्हणाली, ओढणीने तोंड पुसलं आणि घाईने आत गेली.

दार तिने लावलं नाही. पुढचं सगळं त्यांना ऐकू आलं. "सॉरी सर, पुन्हा गेले होते मी... नाही सर, लाइनचा दोष नव्हता. घरातलंच होतं. सापडलं आता... हो. सोमवारी मी जे बोलले ते तेवढं थांबवाल का? अजून पंधरा दिवस बघा. नाही जाणार आता." पलीकडून कुणीतरी काहीतरी म्हणालं, आणि चेतना हसली, आणि ते हसू उघड्या दारातून मधल्या खोलीत आलं.

चिंतामणरावांनी निर्माल्य उचललं, तांब्या उचलला. तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं, आणि मथुराबाईकडे पुन्हा जायला हवं होतं, या वेळी खरं सांगायला. खोलीतून निघताना त्यांचा हात सवयीने दाराशेजारच्या बोर्डाकडे गेला. वर ट्यूबलाइट जळत होती. बाहेर एप्रिलचं रखरखीत ऊन होतं, खिडकीतून भरपूर उजेड आत आलेला, ट्यूबचं कुणालाही काही काम नव्हतं. हात बोर्डापाशी थांबला. मग त्यांनी तो खाली घेतला, उंबऱ्यावरून पाय साधाच टाकला, आणि ट्यूब तशीच जळत ठेवून ते बाहेर आले.